आईचं सोनं, तीन बाईक आणि 2066 साल

मागच्या बॅचमधला आपल्या चौकचाच एक मुलगा परवा दुकानात आला. म्हणाला, "दादा, आईचं सोनं तारण ठेवून तीन बजाज व्ही-15 घेतोय. सेकंडहँड, पस्तीस हजाराला एक. पुढे आरएक्ससारखा भाव येईल." व्हिडिओत हा हिशोब भरभर झाला, म्हणून इथे सावकाश मांडतो.

त्याची निवड वेडेपणाची नाही. विक्रांत युद्धनौका 1961 ला नौदलात आली, 1997 ला निवृत्त झाली, 2014 मध्ये मुंबईत भंगारात निघाली. तिचं काही पोलाद बजाजने घेतलं आणि 2016 च्या व्ही-15 मध्ये वापरलं. अशी गोष्ट रोजच्या वापराच्या दुसऱ्या गाडीला मिळणं कठीण.

पण नुसत्या गोष्टीला भाव येत नाही. यामाहा आरएक्स 100 बघा. 1985 ते 1996 बनली. टू-स्ट्रोक, म्हणजे आजच्या प्रदूषणाच्या नियमांत तशी पुन्हा येणं अवघडच. आज ती कोण घेतं? तेव्हा कॉलेजात होते आणि खिशात पैसे नव्हते, ते. म्हणजे गिऱ्हाईक तयार व्हायलाच पंचवीस-तीस वर्षं गेली! तोवर बहुतेक गाड्या झिजून संपल्या, म्हणून उरलेली चांगली गाडी महाग. व्ही-15 साठी आज कोण एवढं झुरतंय?

आता पैसे. तीन गाड्या 1,05,000. व्याज 12 टक्के धरा, वर्षाला 12,600. दहा वर्षांत नुसतं व्याज 1,26,000, गाड्यांपेक्षा जास्त. वर जागा, बॅटरी, टायर, विमा. 2016 ची नोंदणी 2031 ला संपणार, मग आरटीओत तपासणी करून नूतनीकरण. आणि सरकारच्या 2021 च्या नियमात विंटेज म्हणजे 50 वर्षांपुढची गाडी, तीही मूळ रूपातली. आपली व्ही-15 तिथे पोचेल 2066 ला. तोवर आई सोन्याशिवाय बसेल का?

"मूळ रूपातली" हा शब्द मला लागतो. माझ्या करिझ्माचा कंपनीचा सायलेन्सर मी आवाजाच्या हौसेपायी बदलला आणि जुना किलोवर भंगारात दिला. टाकीवर 'हिरो होंडा' लिहिलेली गाडी आता बनणार नाही. माझी आहे, पण अर्धीच.

त्यावरूनच त्याला म्हटलं, गाडी सांभाळणाऱ्याला उद्या काय लागेल? मूळ टाकी, साइड पॅनल, मीटर, टूलकिट. तू मेकॅनिक आहेस, कुठला पार्ट कुठल्या मॉडेलचा हे तुला कळतं. ते पार्ट आजही मिळतात आणि विकायला 2066 ची वाट बघावी लागत नाही.

सोनं कपाटातच राहिलं. स्वतःच्या बचतीतले वीस हजार घेऊन तो पनवेल-खोपोली पट्ट्यातले भंगारवाले फिरतोय. पुढच्या भागात त्याची खरेदीची वही उघडू.