विचारा तर खरं : रंजीत वर्मा दिग्दर्शक कधी झाला?

प्रश्न : सुट्टीत घरच्यांबरोबर 'ये जो है जिंदगी'चे जुने भाग पाहिले. त्यातला नवरा रंजीत वर्मा, म्हणजे शफी इनामदार, पुढे दिग्दर्शक झाला असं बाबा म्हणतात. मला ही थाप वाटते. हसवणाऱ्या मालिकेतल्या नटाला पिक्चर कोण देणार? आणि आडनाव इनामदार, म्हणजे ते मराठी होते का?
– एक वाचक, रावेत

उत्तर : बाबांशी पैज लावली असेल तर हरलात! १९९५ साली आलेल्या 'हम दोनों'चे दिग्दर्शक शफी इनामदारच. ऋषी कपूर आणि नाना पाटेकर, दोन वेगळ्या तऱ्हेचे नट त्यांनी एका चौकटीत आणले.

मात्र मालिका गाजली म्हणून नटाला दिग्दर्शनाची खुर्ची मिळाली, असा हिशेब मांडाल तर चुकेल. त्यांच्या बाबतीत क्रम उलटा आहे. नाटकवाल्यांना ते दिग्दर्शक म्हणून आधीच माहीत होते. एकांकिकांपासून सुरुवात केलेल्या या माणसाने हिंदी रंगभूमीवर इस्मत चुगताईंचं 'नीला कमरा' बसवलं होतं. पुढे स्वतःची संस्था काढून नाटकांची निर्मितीही केली. गोविंद निहलानींचे 'विजेता' (१९८२) आणि 'अर्धसत्य' (१९८३) करून झाले, आणि मग १९८४ मध्ये दूरदर्शनने त्यांना घराघरांत नेऊन बसवलं.

आता ते भाग पुन्हा पाहा, पण या वेळी फक्त रंजीतकडे लक्ष ठेवा. सतीश शाह दर भागात नवं सोंग घेऊन येतात, राकेश बेदींचा राजा गोंधळ घालतो, टिकू तलसानियांचा साहेब डोकं उठवतो. हशा वसूल करतात ते सगळे. रंजीत ऐकतो, थांबतो, बायको रेणूकडे बघतो आणि मग बोलतो. त्या थांबण्यावरच पुढचा हशा उभा असतो. नाटकात समोरचं प्रेक्षागृह सांगतं की हशा ओसरला, आता पुढचं वाक्य घ्या. कॅमेऱ्यापुढे ते सांगणारं कुणी नसतं. कुठे किती थांबायचं हे नटाला मनातल्या मनात मोजावं लागतं, आणि हे मोजमाप म्हणजे अर्धं दिग्दर्शनच. शिवाय विनोदी मालिकेत नट तेच राहतात, दिग्दर्शक बदलतात. या मालिकेला कुंदन शाह, मंजुल सिन्हा आणि रमण कुमार असे तिघे होते. एकच घर, तीच माणसं, पण तिघांची नजर निरनिराळी. डोळे उघडे ठेवणाऱ्याला याहून चांगली शाळा कुठली?

अमेरिकेतही हेच दिसतं. 'हॅपी डेज' या विनोदी मालिकेतल्या रॉन हॉवर्डने ती चालू असतानाच, १९७७ साली, पहिला चित्रपट दिग्दर्शित केला. पुढे 'अ ब्यूटिफुल माइंड'साठी त्याला ऑस्कर मिळालं. आपल्याकडे सचिन पिळगांवकर बालनट म्हणून आले, १९८२ च्या 'माईबाप'पासून दिग्दर्शक झाले आणि नंतर 'तू तू मैं मैं' ही सासू-सुनेची हास्यमालिका त्यांनीच दिग्दर्शित केली. म्हणजे रस्ता दोन्ही बाजूंनी वाहता आहे.

राहिला आडनावाचा प्रश्न. शफीभाई मराठी मुलुखातलेच, रत्नागिरी जिल्ह्यातल्या दापोलीकडचे, जन्मगाव पांगारी. त्यांच्या पत्नी भक्ती बर्वे, म्हणजे 'ती फुलराणी' नाटकातली फुलराणी. कुंदन शाह यांच्या 'जाने भी दो यारों'मधली संपादक शोभाही भक्तींनीच साकारली.

'हम दोनों'नंतर दिग्दर्शक म्हणून त्यांचा दुसरा चित्रपट झाला नाही. १३ मार्च १९९६ ला विश्वचषकाचा भारत-श्रीलंका उपांत्य सामना पाहताना शफी इनामदार हृदयविकाराने गेले. वय अवघं पन्नास. पाच वर्षांनी, १२ फेब्रुवारी २००१ ला, वाईहून मुंबईला परतताना भक्ती बर्वे भाताण बोगद्याजवळ अपघातात गेल्या. तुम्ही रावेतचे, मुकाई चौक ओलांडून किवळ्याला जो मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग धरता, तोच हा रस्ता.

बाबांची पैज चुकती करा. आणि 'ती फुलराणी' पाहिलं होतं का, तेही विचारा. संध्याकाळ पुरणार नाही.