शरणपूरचे देऊळ व मोंबासाची घंटा

नाशिकास शरणपूर रस्त्यावर सेंट अँड्र्यूज हे जुने ख्रिस्ती देऊळ आहे. देऊळ पाहावयास गेले म्हणजे आपण प्रथम त्याच्या भिंती पाहतो. आज आपण गावाच्या नावापासून आरंभ करू.

यहोशवाच्या विसाव्या अध्यायात सहा शरणपुरे सांगितली आहेत. चर्च मिशनरी सोसायटीचे रेव्ह. प्राइस यांनी १८५४ च्या सुमारास वसविलेल्या ह्या ख्रिस्ती गावास तेच नाव मिळाले, आणि ते सार्थ झाले. गुलामांच्या गलबतांतून सोडविलेली आफ्रिकी मुले येथे आश्रयास आली व सुतारकाम, लोहारकाम शिकली. नाशिकच्या नऊ तरुणांना डॉ. लिव्हिंग्स्टन यांनी १८६६ च्या प्रवासात बरोबर नेले. मागाहून गेलेला याकोब वेनराइट ह्याने १८७३ साली डॉक्टरांचे हृदय आफ्रिकेत पुरतेवेळी प्रार्थना वाचली व झाडावर स्मरणलेख कोरला.

पुढे १८७५ साली प्राइस साहेबांनी मोंबासाजवळ फ्रीअरटाऊन वसविले. नाशिकची कित्येक आफ्रिकी मंडळी तिकडे गेली. तेथील घंटा केवळ उपासनेची नव्हती; गुलामांचे व्यापारी येताना दिसले म्हणजे ती धोक्याची सूचना देई. त्या जागेस अद्यापि ‘केंगेलेनी’, म्हणजे ‘घंटेपाशी’, असे म्हणतात.

वाचकहो, आपल्या गावचे देऊळ लहान असो वा जुने, त्याची डागडुजी अवश्य करावी. परंतु त्याच्या दाराशी आज आश्रय मागणारा कोण उभा आहे, हेही आपण पाहतो काय?