सरक ना थोडा !
(दाटीच्या ऑफिसात काम कसे करावे : एक अभ्यास)

होस्टेलमध्ये दिवसातून सगळ्यात जास्त वेळा ऐकू येणारे वाक्य कोणते, असे कोणी विचारले तर मी डोळे झाकून सांगेन : "अबे, सरक ना थोडा !" मेसच्या बाकावर, सबमिशनच्या आदल्या रात्री टेबलाशी, पुसद-यवतमाळ एस.टी.त तिघांच्या सीटवर चौथा बसताना, सगळीकडे हेच. चार वर्षे आपण सरकत राहतो आणि मनात धरून बसतो की, एकदा नोकरी लागली की आपले स्वतंत्र टेबल, आपली खुर्ची आणि आपला पंखा.

मित्रांनो, मीही तसेच धरून बसलो होतो. पास झाल्यावर पुण्यात एका कन्सल्टंटकडे लागलो. पहिल्या दिवशी साहेबांनी खोली दाखवली. २० फूट बाय ३० फूट. त्यात आम्ही २२ जण, एक प्लॉटर आणि दोन लोखंडी कपाटे. टेबल अर्धे माझे, अर्धे शेजाऱ्याचे. म्हटलं, चला, होस्टेलची सवय आहेच, ॲडजस्ट करू !

तिसऱ्या महिन्यात ॲडजस्ट करणे अंगाशी आले. एका इमारतीच्या तळमजल्यावरच्या कॉलमचे ड्रॉइंग बदलले होते. जुने आणि नवे, दोन्हीच्या गुंडाळ्या त्या अर्ध्या टेबलावर पडलेल्या. साइटवरचा माणूस घाईत आला. मी फोनवर, शेजारी दुसऱ्या फोनवर, मागे कोणाचा तरी वाद चाललेला. मी हात लांब करून गुंडाळी उचलली आणि देऊन टाकली. ती जुनी होती. त्याप्रमाणे सळई बांधूनही झाली. काँक्रीटच्या आदल्या दिवशी मिस्त्रींना शंका आली, "शेजारच्या कॉलमला इतक्या सळया, मग ह्याला कमी कशा ?" त्यांनी फोन केला म्हणून निभावले. त्या रात्री मला झोप लागली नाही. चूक माझीच होती, दाटीची नव्हती. पण दाटीने ती चूक फार सोपी करून ठेवली होती.

तेव्हापासून मी या विषयाकडे इंजिनिअरच्या नजरेने बघू लागलो. जागा वाढवणे आपल्या हातात नसते. पण दाटी म्हणजे एकच गोष्ट नसते. तिचे चार भाग पडतात आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे.

१) हवा
१९४८ च्या कारखाना कायद्याने नव्या कारखान्यांत प्रत्येक कामगारामागे किमान १४.२ घनमीटर जागा ठरवून दिली होती. त्यात ४.२ मीटरच्या वरची उंची धरायची नाही. ऑफिसला तो कायदा लागू नव्हता, पण मोजपट्टी म्हणून वापरून बघू. आमची खोली १० फूट उंच, म्हणजे ६००० घनफूट, सुमारे १७० घनमीटर. भागिले १४.२, उत्तर आले १२. बसलो होतो २२ !

आता पुढचे गणित बघा. बसून काम करणारा माणूस ढोबळमानाने तासाला १८ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. २२ जणांचे झाले ३९६ लिटर. खोली पूर्ण बंद असेल तर एका तासात हवेतले प्रमाण सुमारे २३०० पीपीएमने वाढेल. बाहेरच्या हवेत ते ४२० च्या आसपास असते आणि खोलीत १००० च्या आत असावे असे सर्वसाधारणपणे मानतात. फटींतून थोडी हवा येते, म्हणून प्रत्यक्षात इतके चढत नाही. तरी दुपारी तीन वाजता येणारी पेंग फक्त मेसच्या वरणभाताची नसते, एवढे नक्की. साधा स्प्लिट ए.सी. खोलीतलीच हवा गार करून पुन्हा फिरवतो, नवी आणत नाही. म्हणून दर तासाला समोरासमोरच्या खिडक्या दहा मिनिटे उघडा. खर्च शून्य.

२) आवाज
फ्रेंच डॉक्टर एतिएन लोंबार यांनी १९११ साली एक गोष्ट मांडली : भोवती गोंगाट असला की माणूस नकळत आपला आवाज चढवतो. दाटीच्या ऑफिसात हेच होते. एक जण मोठ्याने बोलला की दुसरा त्याहून मोठ्याने बोलतो. रागावून उपयोग नाही, कारण कोणी मुद्दाम करत नाही. आम्ही दोन नियम केले. फोन जिन्यात जाऊन घ्यायचा, आणि ११ ते १२ कोणी कोणाला हाक मारायची नाही. तपासणीचे काम त्याच तासात करायचे.

३) कागद
या बाबतीत धडा घ्यावा तो आपल्याच राज्यातल्या सरकारी कचेरीकडून. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अहमदनगरचे (आताचे अहिल्यानगर) जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कागदांनी गुदमरलेले कार्यालय मोकळे केले. जुने कागद निवडून वेगळे काढले, बसण्याची मांडणी बदलली. हा प्रयोग 'लखिना पॅटर्न' म्हणून राज्यभर ओळखला गेला. सरकारी कार्यालयांतली सहा गठ्ठा पद्धतही अशीच उपयोगी. कार्यवाहीची प्रकरणे, प्रतीक्षेतली, नियतकालिक अहवाल, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायची आणि नष्ट करायची. प्रत्येक कागद यांपैकी एका गठ्ठ्यात गेलाच पाहिजे, "राहू दे इथेच" असा सातवा गठ्ठा नाही.

मी माझ्या अर्ध्या टेबलाला हेच लावले. टेबलावर फक्त आजचे ड्रॉइंग. नवे आले की त्याच तासात जुन्यावर 'रद्द' शिक्का आणि ते कपाटात. आणि हो, गठ्ठे जायच्या-यायच्या वाटेत ठेवू नका. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला लागलेल्या आगीत पाच जणांचा जीव गेला आणि हजारो फायली जळाल्या. कागद म्हणजे जळण, आणि वाट म्हणजे जीव, हे विसरू नये.

४) माणसे
सगळ्यात अवघड भाग हाच. शेजाऱ्याचे आणि माझे पेन, डबा, कोपर यांवरून रोज वाजायचे. एकदा त्याने टेबलाच्या मधोमध सेलोटेपची रेघच मारली ! मग चहाच्या टपरीवर आम्ही दोघे बोललो, तेव्हा कळले की तोही माझ्याइतकाच वैतागला होता. दोघांनी मिळून वरचे १२ माणसांचे गणित एका कागदावर लिहिले आणि साहेबांपुढे ठेवले. तक्रार म्हणून नाही, हिशेब म्हणून. साहेब म्हणाले, "जागा मिळणार नाही, पण वेळ बदलून बघा." अर्धे लोक साडेआठ ते पाच, अर्धे साडेदहा ते सात असे ठरले. मधल्या वेळात दाटी तशीच राहिली, पण सकाळचे आणि संध्याकाळचे दोन-दोन तास खोलीत ११ च जण. महत्त्वाची ड्रॉइंगे त्याच वेळात बाहेर पडू लागली.

यातून मी एक गोष्ट शिकलो. ॲडजस्ट करणे चांगले, पण कशाशी करायचे हे कळले पाहिजे. कोपर लागले तर सोडून द्या. पण हवा नाही, वाट अडली किंवा चुकीचा कागद साइटवर जातोय, असे असेल तर गप्प बसू नका. तिथे आपल्या गप्प बसण्याची किंमत दुसराच कोणी मोजतो.

आणि सुरुवात नोकरी लागल्यावर कशाला ? १० बाय १२ च्या, १० फूट उंच खोलीत तिघे राहत असाल तर माणशी ११.३ घनमीटर होतात. म्हणजे आपण कमीच आहोत ! आज टेप घेऊन आपली खोली मोजा, खिडकी उघडा, पलंगाखालचे मागच्या सेमिस्टरचे जर्नल काढा. आणि रूममेट "सरक ना थोडा" म्हणाला, तर आधी सरका. गणित नंतर सांगा.