उखाण्यातील श्रोता : मराठी लोककवितेतील खेळ आणि प्रतिसाद

दिल्लीतील मंडी हाउसच्या चौकातून निघणाऱ्या कोपर्निकस मार्गावर कलाव्यवहाराच्या प्रतिष्ठित वास्तू एकमेकींच्या शेजारी उभ्या आहेत. कमानी प्रेक्षागृह, लिटल थिएटर ग्रुपचे नाट्यगृह आणि दूरदर्शन भवन या मार्गावर आहेत. साहित्य अकादमी ज्या रवींद्र भवनात आहे ते चौकाला लागूनच आहे. जुने महाराष्ट्र सदनही याच मार्गावरचे. अशा प्रेक्षागृहांत कविता सादर होते तेव्हा श्रोता अंधारात बसतो आणि त्याचा वाटा टाळीपुरता राहतो. मात्र मराठी माणूस, मग तो दिल्लीतला असो वा सांगलीतला, घरच्या समारंभात कवितेचा एक असाही प्रकार अनुभवतो, ज्यात श्रोत्याने अडवल्याशिवाय कविता सुरूच होत नाही. तो प्रकार म्हणजे उखाणा. अभ्यासकांनी त्याची संहिता पुष्कळ जमवली. त्यातील श्रोत्याकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही.

‘उखाणा’ हा शब्द मराठीत दोन अर्थांनी चालतो. एक अर्थ कोडे, ज्याला कोकण-गोव्याकडे हुमाण म्हणतात. दुसरा अर्थ पतीचे किंवा पत्नीचे नाव गुंफलेली यमकबद्ध रचना. हे दोन अर्थ योगायोगाने एका शब्दात आलेले नसावेत. कोडे उत्तर मागते आणि नावाचा उखाणाही एका मागणीतूनच जन्मतो. पतीचे नाव उच्चारू नये, उच्चारल्यास त्याचे आयुष्य घटते, अशी समजूत समाजात दीर्घकाळ होती. या निषेधालाच समाजाने खेळाची एक खिडकी ठेवली. नववधू उंबरठ्याशी येते, नणंद दार अडवते आणि नाव घेतल्याखेरीज प्रवेश नाही असे बजावते. पंक्तीत घास भरवताना, डोहाळजेवणात, बारशाला, मंगळागौरीच्या जागरणात, संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत चालणाऱ्या हळदीकुंकवात हीच अडवणूक निरनिराळ्या रूपांनी होते.

या अडवणुकीला काव्यदृष्ट्या फार महत्त्व आहे. उखाण्याचा पहिला चरण बहुधा सर्वांच्या परिचयाचा असतो : देवघर, वृंदावन, चांदीचे ताट, माहेर-सासर. श्रोत्यांचे कुतूहल त्या चरणाच्या अर्थावर नसते. नाव कोठे येणार आणि यमक कसे जुळणार, यावर ते खिळलेले असते. नाव आखूड असेल तर त्याला ‘राव’ जोडून लय भरून काढतात. लांब असेल तर ओळ आवळावी लागते. एखादी लाजून पुटपुटली, तर ‘ऐकू आले नाही’ असे म्हणून तिला पुन्हा म्हणायला लावतात. हा आक्षेप बहुधा खोटा असतो आणि तो खोटा आहे हे सर्वांना ठाऊक असते. चतुर स्त्री अशा वेळी दुसराच उखाणा घेऊन आक्षेप घेणारीवरच उलटवते. मौलिकतेच्या कसोटीवर उखाणा हिणकस ठरवणाऱ्या समीक्षेने येथे मापच चुकीचे लावले आहे. पाठ केलेला उखाणासुद्धा योग्य क्षणी, योग्य माणसासमोर म्हटला तर नवा होतो. छापील पुस्तिकांतून किंवा आज भ्रमणध्वनीवरून उखाणे शोधले जातात, याबद्दल हळहळण्याचेही कारण नाही. दार अजून अडवले जातेच. ‘होम मिनिस्टर’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमाने २००४ ते २०२२ या काळात उखाणा घराघरांतून पडद्यावर आणला, तेव्हाही त्याची गंमत समोर बसलेल्या शेजारणींच्या हशावर अवलंबून होती.

भोंडल्यातील खिरापत हे याच वृत्तीचे बालरूप होय. पाटावर हत्तीचे चित्र काढून मुली फेर धरतात, गाणी संपतात आणि मग झाकलेल्या डब्यातील पदार्थ ओळखण्याची पाळी येते. डबा हलवून आवाज ऐकायचा, तिखट की गोड हे विचारायचे! गाणे आणि कोडे यांतील सीमा येथे मुलींना जाणवतही नाही.

जात्यावरील ओवीत हा प्रतिसाद अधिक सूक्ष्म असतो. दोघी समोरासमोर बसून एकच खुंटा ओढतात. एकीची ओवी संपताच दुसरी तोच विषय उचलते, वळवते, क्वचित खोडूनही काढते. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या पुढाकाराने जमलेल्या, आणि २०१७ पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर प्रकाशित होऊ लागलेल्या संग्रहात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत. गाणारीचे नाव व गावही त्यात नोंदलेले आहे. हे कार्य असामान्यच. तरीही विषयवार वर्गीकरणात ओव्या शेजारी बसतात त्या आशयाच्या साम्यामुळे. कोणती ओवी कोणत्या ओवीला उत्तर होती, हे जाणून घ्यायचे तर ध्वनिमुद्रणाकडेच वळावे लागते.

पुरुषांच्या बाजूला कलगी-तुऱ्याची परंपरा आहे. कलगीवाले शक्तीचे श्रेष्ठत्व मांडतात, तुरेवाले शिवाचे. एका फडाने घातलेल्या कूटप्रश्नाचे उत्तर दुसऱ्याने गाऊनच द्यायचे असते. कोकणात शक्ती-तुरा या नावाने हा सामना आजही रंगतो आणि मुंबईत स्थिरावलेल्या चाकरमान्यांनी तो शहरातील नाट्यगृहांपर्यंत नेला. प्रेक्षागृहाची भिंत आड येऊनही खेळ टिकला, कारण उत्तर देणारा प्रतिस्पर्धी रंगमंचावरच उभा असतो. उखाण्यास ही सोय नाही. तेथे उत्तर द्यायचे ते घरातील माणसांनी.

म्हणून या खेळात कोणाला घेतले जाते, हा प्रश्न दुय्यम मानता येत नाही. ज्या हळदीकुंकवात उखाणा फुलला, त्यातून विधवा स्त्रीला वगळले गेले. पती जिवंत असताना ज्या नावाभोवती तिने यमके रचली, ते नाव त्याच्या मृत्यूनंतर म्हणण्याचा प्रसंगच तिच्यापासून काढून घेतला गेला. तिला उखाणे येत असत. तिचे दार कोणी अडवीत नसे, एवढेच. लोककाव्याच्या संग्रहांत ही उणीव दिसत नाही, कारण जे म्हटले गेले नाही त्याची नोंद होत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. कुंकू, मंगळसूत्र आणि बांगड्या यांपुरतीच या ठरावाची चर्चा झाली; परंतु त्यात कवितेचाही प्रश्न होता, कारण हळदीकुंकवाचे आमंत्रण मिळणे म्हणजे उखाण्याच्या रिंगणात बसायला मिळणे.

फेब्रुवारी २०२५ मध्ये दिल्लीत भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद लोकसाहित्याच्या व स्त्रीजीवनाच्या अभ्यासक डॉ. तारा भवाळकर यांच्याकडे होते. १९५४ साली याच शहरातील संमेलनाचे अध्यक्ष तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी होते. धर्मशास्त्राच्या मीमांसकापासून लोकसाहित्याच्या अभ्यासिकेपर्यंतचा हा प्रवास मराठी वाङ्मयविचाराचा पल्ला सांगतो. आता उखाणा नोंदवताना दोन चरणांखाली आणखी काही ओळी लिहिल्या जाव्यात : दार कोणी अडवले, कोण हसले, दुसऱ्यांदा म्हणायला कोणी लावले, आणि त्या दिवशी घरातील कोणती बाई स्वयंपाकघरातच थांबली होती.