पाणी कुठवर आले होते? : ह्यूस्टनमध्ये घर शोधणाऱ्या नवागतांसाठी

सन 2017 च्या ऑगस्ट महिन्याच्या 25 तारखेस, म्हणजे नेमक्या गणेशचतुर्थीच्या रात्री, हार्वे हे वादळ टेक्सासच्या किनाऱ्यावर रॉकपोर्टजवळ आदळले आणि पुढचे चार दिवस ह्यूस्टन व त्याच्या आसपासच्या मुलखावर असा पाऊस कोसळला की, नेदरलँड या गावी 60 इंचांहून अधिक पर्जन्याची नोंद झाली. त्या पुराने ज्यांना राहत्या घरातून उठवले, अथवा पूर ओसरतो न ओसरतो तोच नोकरीपायी ज्यांना येथे यावे लागले, अशा मराठी कुटुंबांपैकी ज्यांनी लिहून देण्याचे मनावर घेतले त्यांचे लेखन पुढे दिले आहे. ज्याने जे सोसले ते त्याने विस्ताराने लिहिले. शाळांविषयी कोणीच लिहून दिले नाही. मोटारीच्या परवान्याविषयी एवढेच आले की, घर घेतल्यावर त्यावर नवा पत्ता त्वरित घालावा, कारण राहत्या घरावरील मालमत्ता करात सूट मागताना तोच पत्ता पाहतात. मतभेद मिटवण्याचा यत्न केलेला नाही.

शुगर लँडचे एक गृहस्थ : खरेदीची रीत

घर पाहण्यापूर्वी नकाशा पाहावा. 'फेमा' या संघ सरकारच्या खात्याचे पूरनकाशे कोणासही विनामूल्य पाहता येतात. त्यांत 'शंभर वर्षांचा पूर' अशी जी रेषा असते तिचा अर्थ शतकातून एकदा येणारा पूर असा नाही. दरवर्षी शंभरात एक अशी ती शक्यता असून, तीस वर्षांच्या कर्जाच्या मुदतीत ती चारांत एकीहून अधिक होते. शिवाय हार्वेच्या वेळी हॅरिस काउंटीत जी घरे बुडाली त्यांतील निम्म्याहून अधिक या रेषेच्या बाहेर होती, हे ध्यानात ठेवून नकाशावर विसंबावे.

पश्चिमेकडील एनर्जी कॉरिडॉर भागात ज्यांची कचेरी आहे त्यांनी ॲडिक्स व बार्कर या दोन धरणांची माहिती करून घ्यावी. 1929 आणि 1935 च्या पुरांनंतर शहराच्या रक्षणार्थ 1940 च्या दशकात बांधलेल्या या धरणांच्या पोटात एरवी पाणी नसते. तेथे बागा आहेत, सायकलींच्या वाटा आहेत, आणि त्या हिरव्या विस्ताराकडे पाहून आपण एका जलाशयाच्या तळाशी उभे आहोत असे नवख्याच्या मनातही येत नाही. धरण काठोकाठ भरले असता जेवढी जमीन पाण्याखाली जाईल तेवढी सारी सरकारने घेतलेली नव्हती. उरलेल्या जमिनीवर वसाहती उठल्या. हार्वेच्या वेळी 28 ऑगस्टला दारे उघडून पाणी सोडू लागले तेव्हा धरणाच्या वरच्या अंगाची घरे साचलेल्या पाण्याने भरली आणि खालच्या अंगाची, बफेलो बायू या संथ ओढ्याच्या काठची, सोडलेल्या पाण्याने. तेव्हा घर धरणाच्या वर आहे की खाली, एवढ्या प्रश्नाने भागत नाही. वरच्या अंगास असल्यास भरलेल्या धरणाची रेषा कोठवर येते ते विचारावे, खाली असल्यास बायूपासूनची उंची. फोर्ट बेंड काउंटीत ब्राझोस नदीलगतच्या कित्येक वसाहती बांधाच्या आत आहेत. त्या बांधाचा कर वेगळा पडतो, आणि म्युनिसिपल युटिलिटी डिस्ट्रिक्टचा, ज्यास येथे सारे 'मड' म्हणतात, तो निराळा. टेक्सासात राज्याचा प्राप्तिकर नाही म्हणून हर्षित होणाऱ्यांनी या करांची बेरीज आधी करावी.

1 सप्टेंबर 2019 पासून विक्रेत्याने घरात पूर्वी पाणी शिरले होते काय, घर पूरक्षेत्रात वा धरणाच्या फुगवट्यात येते काय, हे लेखी सांगणे बंधनकारक आहे. भाड्याच्या घरांना असाच नियम 1 जानेवारी 2022 पासून लागू झाला; पण त्यात मागील पाच वर्षांतील पाणीच सांगावे लागते, म्हणून हार्वेविषयी भाडेकरूने स्वतः विचारले पाहिजे आणि उत्तर लेखी घेतले पाहिजे.

घराच्या साध्या विम्यात पूर धरत नाहीत. सरकारी पूरविमा निराळा घ्यावा लागतो. त्याची मर्यादा इमारतीस अडीच लाख आणि सामानास एक लाख डॉलर. खरेदीच्या कर्जासोबत घेतला तर तो तत्काळ लागू होतो, एरवी तीस दिवस थांबावे लागते. वादळाची वार्ता ऐकून विमा घेणाऱ्याच्या हाती काही येत नाही.

करार करताना विसाराखेरीज थोडी रक्कम देऊन 'ऑप्शन'ची काही दिवसांची मुदत मिळते. या मुदतीत कारण न देता करार मोडता येतो, तेव्हा सारी तपासणी तीतच उरकावी. माझी स्वतःची रीत सांगतो. खोलीतले दिवे मालवून बॅटरी भिंतीला टेकवावी आणि उजेड आडवा पाडावा. भिजलेल्या घराच्या भिंतींचे तक्ते बहुधा जमिनीपासून चार फुटांवर कापून नवे बसवतात, आणि समोरून कितीही एकजीव दिसणारा रंग या आडव्या उजेडात सांध्याची बारीक रेघ लपवू शकत नाही. पाणी तापवण्याच्या टाकीवर आणि बाहेरच्या एअरकंडिशनरवर निर्मितीची तारीख असते. दोन्ही एकाच सुमाराचे, आणि तेही पुरानंतर लगेचचे निघाले, तर विचारणा करावी. बुडालेले घर घेऊच नये असे माझे म्हणणे नाही. नीट वाळवून दुरुस्त केलेले घर मी स्वतः घेतले आहे; मात्र पाणी कुठवर आले होते हे जाणून आणि किमतीत त्याची वजावट करून.

पुण्यात 12 जुलै 1961 रोजी पानशेत धरण फुटले त्या वेळच्या पाण्याची खूण आमच्या वाड्याच्या भिंतीवर होती, आणि वडील आल्यागेल्यास ती हाताने दाखवीत. येथे अशी खूण महिनाभरात रंगाखाली जाते, म्हणून इतके लिहिले.

केटीच्या एका भगिनीची कैफियत

आम्ही 9 सप्टेंबर 2017 रोजी दोन मुले आणि आठ बॅगा घेऊन उतरलो. कंपनीने ठरवलेली जागा पाण्यात गेली होती, हॉटेले पूरग्रस्तांनी भरली होती, आणि जी भाड्याची घरे कोरडी राहिली ती पुरात बेघर झालेली कुटुंबे, विमा कंपन्या भाडे देत असल्यामुळे, पाहताक्षणी घेत होती. त्या कुटुंबांविषयी माझ्या मनात रोष नाही. रोष आहे तो चार ठिकाणी अर्जाची परत न मिळणारी फी भरून घेऊन, पाचव्या दिवशी 'जागा गेली' एवढेच सांगणाऱ्यांविषयी. या देशात आमची पत नोंदलेली नव्हती. माझ्या अवलंबितांच्या व्हिसावर मला सोशल सिक्युरिटी क्रमांक मिळत नव्हता, आणि अर्जातला तो रकाना रिकामा ठेवला की अर्ज पुढे सरकत नव्हता. नेमणूकपत्र, पासपोर्टाच्या नकला, पुण्याच्या बँकेचा उतारा, सारे घेऊन मी अर्जाच्या खिडकीशी तीनदा उभी राहिले. अखेर दुप्पट अनामत देऊन तळमजल्याची जागा मिळाली. पितृपक्ष चालू होता; तरी सही केली, कारण घटस्थापनेपर्यंत थांबलो असतो तर तीही राहिली नसती.

जागेला ताज्या रंगाचा वास होता. आम्हाला वाटले, आमच्यासाठी रंगवली. ऑक्टोबरात पोह्यांचा डबा काढताना हाताला ओल लागली. फळीमागे पाहिले तर भिंतभर काळी बुरशी, मिरी सांडावी तशी, आणि धाकट्याचा खोकला कशाचा होता ते त्या क्षणी उमगले. व्यवस्थापकांस सहा वेळा तोंडी सांगितले आणि सहाही वेळा 'नोंद घेतली' असे उत्तर मिळाले. पुढे एका जाणत्या शेजाऱ्याने सांगितले की तोंडी तक्रारीस येथे किंमत नाही. म्हणून माझ्या बहिणींनो, छायाचित्रे काढा, तारीख घाला, पत्र पोचपावतीच्या टपालाने पाठवा, आणि भाडे एक दिवसही थकू देऊ नका. भाडे थकले की दुरुस्तीचा हक्क लंगडा पडतो. जागा सोडताना नवा पत्ता लेखी द्या, म्हणजे अनामतीचा हिशेब तीस दिवसांत देणे मालकास भाग पडते. आमची अनामत मी अशीच वसूल केली.

आणखी एक. एच-वन-बी व्हिसावरील माणसास फेमाची रोख मदत मिळत नाही. परंतु घरात अमेरिकेत जन्मलेले अज्ञान मूल असेल तर त्याच्या नावे आईबापांना अर्ज करता येतो. हे ठाऊक नसल्यामुळे कितीजण अर्जच करीत नाहीत.

पेअरलँडहून एक ज्येष्ठ

वरील भगिनीने सही केली ती संकटात केली. तिला दोष नाही. परंतु ज्यास डोक्यावर छप्पर आहे त्याने पक्ष-पंधरवडा पाळावा असे माझे ठाम मत आहे. कर्जाची आणि सहीची तारीख सावकाराच्या सोयीने ठरते हे खरे. गृहप्रवेशाची आपल्या सोयीने ठरवावी. वास्तुशांतीच्या होमापूर्वी धुराची घंटा कोठे वाजते हे मालकास विचारून घ्यावे, दूध मात्र उतू घालावेच. आणि मुलांशी पहिल्या दिवसापासून मराठीत बोलावे. घर मिळेपर्यंतच्या हॉटेलातील एका खोलीत जी भाषा सुटते ती मोठ्या घरात परत येत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

हार्वे आले तेव्हा आम्ही बफेलो बायूच्या काठी राहत होतो. पाऊस सोसून घर कोरडे राहिले होते, गणपती दिवाणखान्यात होता, आणि सोमवारी धरणाचे पाणी सोडल्यावर ते जिन्याच्या पायरीपायरीने चढू लागले. मूर्ती पाटासह वरच्या मजल्यावर नेली. पासपोर्ट आणि घराचे कागद समईच्या डब्यात घातले. नाव घेऊन आलेल्या अनोळखी तरुणांनी पत्नीच्या मांडीवर काय आहे हे न विचारता तिला आधी बसवून घेतले. गौरींबरोबर पेअरलँडला एका स्नेह्याच्या अंगणात बादलीत विसर्जन झाले. आताच्या घरात देवघर जिन्याच्या वरच्या वळणावर आहे, कागदांचा डबा त्याखालीच.

जुने घर आम्ही दुरुस्त करून विकले. ते पाहावयास आलेल्या तरुण जोडप्याने पाणी कुठवर आले होते असे सरळ विचारले. मी त्यांना जिन्याखालच्या कपाटात नेले. रंगाऱ्याला तेवढी आतली बाजू सोडावयास सांगितली होती. पेन्सिलीची रेघ होती, पाचव्या पायरीच्या वर दोन बोटे. त्यांनी मोजपट्टी लावली, आकडा लिहून घेतला आणि तिसऱ्या दिवशी विसार दिला.