आजोबांचा रेडिओ आणि गिटारचा अँप्लिफायर

गॅदरिंग जवळ आलं की हॉस्टेलवर दोन-तीन गिटारी बाहेर निघतात आणि मग शोधाशोध सुरू होते ती अँप्लिफायरची. चांगला व्हॉल्व्हचा अँप्लिफायर घ्यायचा तर मेसचे कित्येक महिने उपाशी काढावे लागतील. पण आमच्या जाफराबादकडे (जि. जालना) काही घरांच्या माळ्यावर पोत्यात गुंडाळलेला व्हॉल्व्हचा रेडिओ अजून सापडतो. मर्फी, फिलिप्स, बुश, कुठलाही. मर्फीचा कारखाना तर आपल्या ठाण्यातच होता. हा रेडिओ भंगारात किलोवर जातो, आणि त्याच्याबरोबर जातात दोन उत्तम ट्रान्सफॉर्मर. त्यांच्यावर चार-पाच वॅटचा अँप्लिफायर हाताने वायरिंग करून उभा करता येतो. खोलीत सरावाला एवढे वॅट भरपूर होतात, रेक्टरसाहेबांना तर जास्तच!

मात्र कुठलाही रेडिओ चालत नाही. मागचं झाकण काढून आधी व्हॉल्व्हवरची अक्षरं वाचा. फिलिप्स पद्धतीच्या नंबरात पहिलं अक्षर हीटर सांगतं. 'डी' म्हणजे १.४ व्होल्ट, म्हणजे वीज पोचण्याआधी गावोगावी चालणारा बॅटरी सेट. तो आपल्या कामाचा नाही. 'ई' म्हणजे ६.३ व्होल्ट, हाच हवा. आणि 'यू' दिसला (यूसीएच८१, यूएल८४, यूवाय८५) तर सेट बंद करून परत माळ्यावर ठेवा.

कारण नीट समजून घ्या. 'यू' सेटमध्ये सगळे हीटर सिरीजमध्ये सरळ मेन्सवर असतात आणि बहुतेक सेटांत मेन्स ट्रान्सफॉर्मर नसतोच. चॅसी लाइनच्या एका वायरला जोडलेली असते. प्लग उलटा बसला की चॅसीवर २३० व्होल्ट! रेडिओ ऐकणाऱ्याला लाकडी पेटी आणि बॅकेलाइटची बटणं वाचवतात. गिटारच्या तारा मात्र जॅकमधून थेट चॅसीला जातात, म्हणजे वाजवणाऱ्याची दहाही बोटं लाइव्हवर. इथे शॉक बसला नाही तर ते नशीब समजायचं.

'ई' सेटमध्ये बहुधा ईसीएच८१, ईएफ८९, ईएबीसी८०, ईएल८४ आणि ईझेड८० अशी पलटण मिळते. पहिले तीन काढले की हीटरचे ०.३, ०.२ आणि ०.४५ मिळून सुमारे ०.९५ अँपिअर मोकळे होतात. त्यांच्या जागी येणाऱ्या एकट्या ईसीसी८३ ला लागतात ०.३. म्हणजे ट्रान्सफॉर्मर निवांत. सर्किट जुनंच आहे: अमेरिकेत लिओ फेंडर यांच्या कंपनीने १९५० च्या दशकात केलेल्या 'चँप'चं. एका डबल ट्रायोडचे दोन टप्पे आणि एक आउटपुट व्हॉल्व्ह, बस्स. तिथे ६व्ही६ होता, आपल्याकडे ईएल८४.

कामाला हात लावण्यापूर्वी प्लग काढा आणि फिल्टर कंडेन्सर १० के, ५ वॅटच्या रेझिस्टन्समधून रिकामे करा. नंतर मीटर लावून खात्री करा, कारण बंद सेटमध्येही दोन-तीनशे व्होल्ट दबा धरून बसलेले असतात. जुने कागदी आणि इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर सगळे बदला. ईझेड८० नंतरचा पहिला फिल्टर ५० मायक्रोफॅरडच्या वर नेऊ नका, रेक्टिफायर मरतो. तीन पिनी वायर लावून अर्थ चॅसीला पक्का बोल्ट करा. पहिल्यांदा चालू करताना सिरीज बोर्डवर ६० वॅटचा बल्ब ठेवा. तो उजळतच राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे. आणि स्पीकर जोडल्याशिवाय अँप्लिफायर कधीच चालवू नका.

वायरिंगसाठी पीसीबी नको, साधी टॅगस्ट्रिप घ्या. ईसीसी८३ च्या ४ आणि ५ नंबरच्या पिना एकत्र करून हीटरचं एक टोक तिथे, दुसरं ९ वर. हीटरच्या दोन्ही वायरी एकमेकींना पिळून कोपऱ्याने न्या. नाहीतर स्पीकरमधून 'हूंऽऽ' ऐकत बसाल. दोन्ही टप्प्यांत प्लेटला १०० के, कॅथोडला १.५ के. ईएल८४ च्या कॅथोडला १५० ओहम, २ वॅट. चालू झाल्यावर या १५० वर साडेसात व्होल्ट मिळाले तर करंट ५० मिलिअँपिअर. त्यातले अंदाजे ५ स्क्रीनचे वजा करून उरलेल्याला प्लेट-कॅथोडमधल्या व्होल्टेजने गुणा. उत्तर १२ वॅटच्या आत हवं. जास्त आलं तर रेझिस्टन्स वाढवा.

आता खरी मजा, आवाज बदलण्याची. लोक महागड्या 'स्पेशल' कंडेन्सरच्या मागे लागतात. माझ्या मते ते पैसे वडापाववर खर्च केलेले बरे. आवाज ठरतो किमतींवर, म्हणजे मायक्रोफॅरडवर. पहिल्या टप्प्याच्या कॅथोडवर २५ मायक्रोफॅरड असेल तर गेन ६० च्या आसपास; तो काढून टाकला तर ३० च्या आसपास. मधली किंमत ठेवली की वरचे सूर ६० ने वाढतात आणि खालचे ३० ने. हा बदल कुठे होणार ते 'एक भागिले दोन पाय आर सी' सांगतं. पण इथे आर म्हणजे नुसता १.५ के धरू नका (व्हायवाला हमखास फसवतात). कॅथोडमधून आत पाहिलं तर व्हॉल्व्हचा स्वतःचा सुमारे १.६ के दिसतो, तो समांतर आहे. म्हणून आर साधारण ७८० ओहम. २५ मायक्रोफॅरडला उत्तर येतं ८ हर्ट्झ, म्हणजे सगळाच बास पूर्ण. ०.६८ ला येतं ३०० हर्ट्झ. गिटारची सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्झची. म्हणजे ०.६८ लावला की जाड तारांचा चिखल कमी होतो आणि वरचे सूर पुढे येतात. छोट्या स्पीकरला हेच मानवतं.

दुसरी जागा ईएल८४ च्या ग्रिडकडे जाणारा कपलिंग कंडेन्सर. पुढे २२० के असताना ०.०२२ ठेवला तर कट २८ हर्ट्झला, ०.००४७ ठेवला तर १३० च्या जवळ. आवाज वाढवून वाजवताना बास कमी असला की व्हॉल्व्ह फाटतो तो गोड फाटतो. जास्त असला की नुसता भसाडा होतो. ज्यांना साध्या, स्वच्छ कॉर्ड वाजवायच्या आहेत त्यांनी ०.०२२ च ठेवावा.

तिसरी गोष्ट फीडबॅक. स्पीकरच्या वायरीवरून २२ के दुसऱ्या टप्प्याच्या कॅथोडला जोडला की आवाज आवरलेला, सपाट येतो. सोडला की मोकळा आणि थोडा उद्धट. इथे एक बटण बसवा, दोन्ही मिळतील. जोडल्याबरोबर अँप्लिफायर किंचाळायला लागला तर घाबरू नका, फीडबॅक उलटा लागलाय. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या स्पीकरकडच्या दोन वायरी अदलाबदल करा. अर्थात प्लग काढून, कंडेन्सर रिकामे करून.