आधी वाटा आख, मग खोल्या

धरमपेठ, नागपूर

चि. बाळ,


सायक्लोट्रॉन प्रयोगशाळेचा तुझा आराखडा पाहिला. भिंतींची जाडी नीट काढली आहेस. पण खोल्या मांडण्याआधी माल, हवा, सांडपाणी आणि माणसं यांच्या वाटा आखायला हव्यात.

मालाची वाट घड्याळ ठरवतं. आयोडीन-१३१चं अर्धायुष्य आठ दिवसांचं, ते मुंबईहून सहज आणता येतं. पेट स्कॅनला लागणारं फ्लोरिन-१८ मात्र ११० मिनिटांत निम्मं होतं. मुंबईहून विमानाने आणताना चार तास गेले, तर पाव हिस्साही उरत नाही. जामठ्याच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये विदर्भाबरोबर छत्तीसगड, मध्य प्रदेशातूनही रुग्ण येतात. त्यांच्यासाठी हे फ्लोरिन नागपुरातच सायक्लोट्रॉनमध्ये तयार होण्याचं मोल मोठं आहे. म्हणून सायक्लोट्रॉन, हॉट सेल (औषध बनवायची किरणरोधक कोठडी), तपासणी आणि रवानगी सरळ रेषेत ठेव. तुझ्या आराखड्यात रवानगीचं दार इमारतीच्या दुसऱ्या टोकाला गेलंय.

हवेचं काम सर्वांत अवघड. औषध निर्जंतुक राहावं म्हणून खोलीत दाब जास्त हवा, किरणोत्सर्गी कण बाहेर पडू नयेत म्हणून कमी. दोन्ही गरजा खऱ्या आहेत. हॉट सेलमध्ये दाब सर्वांत कमी ठेव आणि स्वच्छ खोलीच्या तोंडाशी एअरलॉक दे. हॉट सेलमधली हवा पुन्हा फिरवायची नसते, ती गाळून धुराड्यातून बाहेर सोडायची. तिच्या जागी येणारी ताजी हवा नागपूरच्या मे महिन्यात ४५ अंशांपर्यंतही तापते, त्यामुळे कूलिंगचा हिशेब हात राखून करू नकोस. वीज गेली तरी एक्झॉस्ट पंखा चालू राहिला पाहिजे.

सांडपाणी थेट गटारात सोडू नकोस, साठवण टाकीत थांबव. दहा अर्धायुष्यांत किरणोत्सर्ग हजाराव्या हिश्शावर येतो. फ्लोरिनला त्यासाठी एक दिवसही लागत नाही. जमीन अखंड आणि गुळगुळीत कर, भिंतीला मिळते तिथे गोलाई दे. फरशी पुसणाऱ्या बाईंना कोपरा खरवडत बसावं लागू नये.

माणसांच्या वाटेला अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा आहे: कर्मचाऱ्याला वर्षाला सरासरी २० मिलिसिव्हर्ट, बाहेरच्या माणसाला फक्त १. म्हणून भिंतीपलीकडे कोण बसतं, हे प्रत्येक भिंतीला विचार. मंडळाची परवानगी टप्प्याटप्प्याने मिळते, तेव्हा किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकाऱ्याला आजपासूनच सोबत घे.

पुढच्या आराखड्यात चारही वाटा वेगवेगळ्या रंगांत काढून पाठव. जिथे रंग एकमेकांना छेदतील, त्या जागांवर आधी बोलू.

तुझा,
मामा